कम्पायलरच्या पिशवीवर लेबल

जालन्यात वाढलेल्या माणसाला बियाण्याची पिशवी वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केली, आणि बियाणं हा या गावाचा धंदा झाला, तसाच बोलण्याचा विषयही झाला. मृगाच्या आधी दुकानात आलेला शेतकरी पिशवी उलटी करतो. लॉट नंबर बघतो, उगवण किती टक्के लिहिली आहे ते बघतो, तपासणीची तारीख बघतो, मग पैसे काढतो. लहानपणी वडिलांबरोबर मी हे इतक्यांदा पाहिलंय की लेबल नसलेली पिशवी आजही मला उघडी वाटते.

माझा धंदा मात्र बियाण्याचा नाही. नवीन जालन्यात दोन खोल्यांच्या कार्यशाळेत आम्ही सहा जण मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड बनवतो. काही बोर्ड शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसतात, काही बियाण्याच्या गोदामात तापमान आणि आर्द्रता नोंदतात. आमची नेहमीची चिप एसटीएम३२एफ१०३ घराण्यातली: ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम. एवढ्याशा चिपवर कम्पायलर चालणं शक्यच नाही. म्हणून इंटेलच्या संगणकावर बसून आर्मच्या चिपची भाषा लिहिणारा कम्पायलर लागतो, तो क्रॉस-कम्पायलर. चिपवर ऑपरेटिंग सिस्टिम नसते, आपला प्रोग्राम थेट सिलिकॉनवर उतरतो, म्हणून या कामाला बेअर-मेटल म्हणतात. कम्पायलर, असेम्बलर, लिंकर, सी लायब्ररी, डीबगर या सगळ्यांची मिळून टूलचेन होते.

ही टूलचेन मी कितीतरी वर्षं लेबल नसलेल्या पिशवीतून वापरली. मग स्वतः बांधायला, पॅकेज करायला आणि वाटायला लागले. त्या काळात जे शिकले ते क्रमानं लिहिते.

१. प्रोग्राम तोच असला म्हणजे बोर्डही तोच, असं नसतं

२०१८ सालची गोष्ट. माझ्या संगणकावर डेबियन ९ होतं, त्यातला आर्मचा क्रॉस-कम्पायलर ५.४. भाचा पुण्यात शिकायला होता, त्याच्याकडे उबुंटू १८.०४ आणि त्यात ६.३. गोदामाच्या नोंदणी-यंत्राचा प्रोग्राम दोघांकडे अक्षर न् अक्षर सारखा. मी बोर्डावर चढवला की पडद्यावर ‘आर्द्रता ४१.६ टक्के’ यायचं. त्यानं चढवला की ‘आर्द्रता टक्के’ एवढंच. त्याचा फोन आला, “आत्या, सेन्सर गेला का गं?”

सेन्सर ठणठणीत होता. आम्ही तारा बदलल्या, पडदा बदलला, मग ५.४ आणि ६.३ या आकड्यांवर संशय धरला. त्यात दोन दिवस गेले. खरं कारण वेगळंच निघालं. या टूलचेनबरोबर येणारी सी लायब्ररी, न्यूलिब, दोन रूपांत असते: एक पूर्ण आणि एक छोट्या चिपांसाठी आटवलेली नॅनो. नॅनोमधलं प्रिंटएफ दशांश आकडे छापत नाही. ते हवे असतील तर लिंकरला वेगळं सांगावं लागतं. भाच्याच्या कोड एडिटरनं लिंक करताना नॅनो आपणहून निवडली होती, माझ्या मेकफाइलमध्ये पूर्ण लायब्ररी होती. कम्पायलरच्या आवृत्तीचा काही संबंधच नव्हता.

त्या दिवसापासून ‘कोणता कम्पायलर?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कम्पायलर, लिंकर, लायब्ररी आणि लिंक करतानाच्या खुणा (फ्लॅग) ही एकच वस्तू आहे, आणि ती एकाच पिशवीत गेली पाहिजे. आमचं पॅकेज करण्याचं काम इथून सुरू झालं.

२. क्रम पाठ करू नये, त्यामागचं कारण धरावं

दही लावायला दही लागतं. जीसीसी या आमच्या कम्पायलरचंही तसंच आहे. जीसीसी पूर्ण व्हायला सी लायब्ररीच्या हेडर फाइल लागतात, आणि सी लायब्ररी बांधायला जीसीसी लागतो. हा पेच सोडवण्यासाठी आधी अर्धा जीसीसी बांधतात.

पहिल्यांदा बिनयुटिल्स, म्हणजे असेम्बलर आणि लिंकर. मग जीसीसीची पहिली फेरी: फक्त सी भाषा, हेडर नाहीत, थ्रेड नाहीत, शेअर्ड लायब्ररी नाही. तिला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या तीन लायब्ररी आधी तयार लागतात. हा अर्धा जीसीसी न्यूलिब बांधतो. मग न्यूलिब जवळ घेऊन जीसीसीची दुसरी, पूर्ण फेरी, आता सी++ सकट. शेवटी जीडीबी.

मी हा क्रम एका कागदावर उतरवून भिंतीला चिकटवला आणि त्याबरहुकूम बांधत गेले. सगळं बिनतक्रार पार पडलं. महिन्याभरानं सहज लायब्ररीच्या एका फाइलच्या ‘कॉमेंट’ कप्प्यात डोकावले. जीसीसी तिथं आपलं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतो. तिथं माझ्या नव्या जीसीसीचं नाव नव्हतं, डेबियनच्या जुन्या ५.४ चं होतं. न्यूलिब बांधताना पहिल्या फेरीतल्या कम्पायलरचा पत्ता पाथमध्ये घालायला मी विसरले होते. न्यूलिबनं ‘आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी’ या नावाचा कम्पायलर शोधला, आणि त्याच नावाचा, संगणकावर आधीपासून बसलेला जुना कम्पायलर त्याला सापडला. त्या पिशवीवर मी जे काही लिहिलं असतं ते खोटं ठरलं असतं, आणि मला ते कळलंही नसतं.

म्हणून आता बांधणी नेहमी कोऱ्या खोलीत होते. डेबियनमध्ये एसबिल्ड किंवा पीबिल्डर अशी खोली करून देतं: आत मोजकी गरजेची पॅकेजं, बाकी काही नाही, काम झालं की खोली पाडायची. बियाणं तयार करणारे लोक दोन वाणांच्या शेतांत विलगीकरणाचं अंतर ठेवतात, कारण शेजारचा पराग वाऱ्यावर येतो आणि वाण भ्रष्ट होतं. तो वारा मी त्या दिवशी माझ्या संगणकात पाहिला.

कारण धरायला मला दोन ठिकाणांनी शिकवलं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, जीसीसीच्या आतल्या रचनेवर कार्यशाळा घेतल्या आणि त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. जीसीसी कसा बांधायचा, क्रॉस-कम्पायलर का वेगळा पडतो, यावर त्यात शांतपणे, पायरीपायरीनं लिहिलेलं आहे. मी ते छापून घेतलं आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. दुसरं ठिकाण पुणं. तिथल्या केपीआयटी कमिन्सनं हिताचीच्या, आणि पुढे २००३ मध्ये हिताची-मित्सुबिशीच्या चिप-विभागांतून झालेल्या रेनेसासच्या, एसएच आणि एच८ मायक्रोकंट्रोलरसाठी जीएनयू टूलचेन बांधून मोफत दिली. विंडोजवर चालणारा इन्स्टॉलर, नोंदलेल्या वापरणाऱ्यांना मदत, ठरावीक काळानं नवी आवृत्ती. जगभरातले लोक पुण्यात बांधलेला कम्पायलर उतरवून घेत होते. मी त्या चिपा कधी वापरल्या नाहीत. पण टूलचेन बांधून वाटणं हे महाराष्ट्रात कुणीतरी नीट, वर्षानुवर्षं केलेलं काम आहे, हे कळल्यावर माझ्या भिंतीवरच्या कागदाला वजन आलं.

३. नावात तीन गोष्टी असतात

‘आर्म-नन-ईएबीआय’ या नावातला ‘आर्म’ म्हणजे चिप. ‘नन’ म्हणजे खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही. ‘ईएबीआय’ म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना आकडे कसे द्यायचे याचा ठराव. आमच्याकडे आलेल्या एका पॉलिटेक्निकच्या मुलानं मधल्या शब्दाकडे लक्ष न देता आर्म-लिनक्सचा कम्पायलर बसवला आणि बोर्डावर लिनक्स नसताना लिनक्सच्या भरवशावरचा प्रोग्राम चढवायला निघाला. तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हे नाव फोडून सांगते. सीडॅकच्या वेगा मालिकेतली थेजस३२ चिप असलेला एरीज बोर्ड हल्ली मुलं घेऊन येतात. तिची भाषा रिस्क-व्ही, पण नाव वाचायची रीत हीच.

४. एकच लायब्ररी सगळ्या चिपांना चालत नाही

हा धडा सगळ्यात महाग पडला, म्हणून सविस्तर सांगते.

आर्मच्या चिपा सूचना वाचायच्या दोन पद्धती जाणतात: जुनी ३२ बिटांची आर्म पद्धत आणि आटोपशीर थंब पद्धत. मोठ्या चिपांना बहुधा दोन्ही कळतात. कॉर्टेक्स-एम घराण्याला फक्त थंब कळते. त्यातही भेद आहेत: कॉर्टेक्स-एम० ला भागाकाराची सूचना नाही, एम३ ला आहे, एम४ च्या काही चिपांत दशांश गणिताचा वेगळा भाग आहे. म्हणून जीसीसी एकाच लायब्ररीच्या अनेक प्रती बांधू शकतो, प्रत्येक घराण्यासाठी एक, आणि लिंक करताना योग्य ती उचलतो. याला मल्टिलिब म्हणतात. मायक्रोकंट्रोलरसाठी लागणाऱ्या प्रतींची तयार यादी जीसीसीत ‘आरएम प्रोफाइल’ या नावानं आहे.

सगळ्या प्रती बांधायला माझ्या संगणकाला रात्र पुरत नसे. उन्हाळ्यात मध्येच वीज जाई, इन्व्हर्टर तासाभरात बसे, आणि सकाळी अर्धवट बांधणी पडलेली दिसे. एका रात्री वैतागून मी मल्टिलिब बंद करून बांधलं. दीड तासात काम झालं. मोटारीच्या बोर्डाचा प्रोग्राम नव्या कम्पायलरनं तयार केला, टेबलावर वीस मिनिटं चालवला, आणि सहा बोर्ड बाहेर गेले.

चौथ्या दिवशी अंबड तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन. “ताई, मोटार दर तासाला उसासा टाकती. बंद पडती, परत लागती.” मी म्हटलं, वीज कमी-जास्त होत असेल. ते म्हणाले, “विजेला घड्याळ कळतं व्हय?” या प्रश्नानं माझे डोळे उघडले.

तो प्रोग्राम आम्ही सी लायब्ररीशिवाय लिहिला होता. त्यात जीसीसीची स्वतःची छोटी लायब्ररी, लिबजीसीसी, एकाच जागी लागत होती: दर तासाला वापरलेल्या विजेचा हिशेब करताना ६४ बिटांचा भागाकार व्हायचा. कॉर्टेक्स-एम३ मध्ये भागाकाराची सूचना आहे, पण ती ३२ बिटांची. ६४ बिटांसाठी जीसीसी लिबजीसीसीतलं फंक्शन बोलावतो. मी मल्टिलिब बंद केल्यामुळे लिबजीसीसीची एकच प्रत होती, आणि ती आर्म पद्धतीची. चिपला ती पद्धत येत नाही. तिकडे उडी मारली की चिप हार्डफॉल्टमध्ये अडकायची, वॉचडॉग काही सेकंदांनी तिला पुन्हा सुरू करायचा, तेवढा वेळ रिले सुटायचा. मोटारीचा उसासा तो हाच. टेबलावर वीस मिनिटांत तास भरला नव्हता, म्हणून आम्हाला दिसलं नाही. लिंकरनं एका शब्दानं तक्रार केली नव्हती.

सहाही बोर्ड मी स्वतः फिरून बदलले. कापूस पाण्यावर असताना दर तासाला मोटार थांबणं म्हणजे काय, हे त्या सहा बांधांवर उभं राहून समजलं.

याच धड्याचा छोटा भाऊ आहे, आणि तो प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी भेटतो: कम्पाइल करताना चिपचं नाव द्यायचं आणि लिंक करताना विसरायचं. लिंक करतानाही जीसीसीच लायब्ररीची प्रत निवडत असतो. त्याला चिप माहीत नसेल तर तो मूळ प्रत उचलतो, आणि पुन्हा तोच हार्डफॉल्ट. जीसीसीला ‘प्रिंट-मल्टी-डिरेक्टरी’ असं विचारलं की दिलेल्या खुणांवरून तो कोणत्या कपाटात हात घालणार ते सांगतो. आमच्या मेकफाइलची पहिली ओळ आता हाच प्रश्न विचारते, आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे नसेल तर काम तिथंच थांबतं.

५. पॅकेज करणारं यंत्रही हात लावतं

बांधणी उत्तम झाली, चाचण्या पार पडल्या, मग डेब पॅकेज केलं, आणि पॅकेजमधून बसवलेली टूलचेन लिंक करेना. लिंकर म्हणे, अर्काइव्हला अनुक्रमणिका नाही, रॅनलिब चालवा.

डेबियनचं पॅकेज करणारं साधन शेवटच्या टप्प्यात प्रत्येक फाइलमधली डीबगची माहिती काढून ती हलकी करतं. या कामाला ते संगणकाचं स्वतःचं स्ट्रिप वापरतं. कम्पायलर हा संगणकावर चालणारा प्रोग्राम. त्याला ते ठीक आहे. पण त्याच पॅकेजमधल्या लायब्ररी आर्मच्या आहेत. इंटेलच्या स्ट्रिपनं त्या उघडल्या, आतलं त्याला ओळखता आलं नाही, आणि परत बांधताना वरची अनुक्रमणिका गळाली. त्यामुळे आमच्या पॅकेजच्या नियमात आता स्पष्ट लिहिलंय: लक्ष्य चिपच्या फोल्डरला संगणकाचं स्ट्रिप लावायचं नाही, हलकं करायचंच असेल तर आर्मचं स्ट्रिप वापरायचं. एकाच पॅकेजमध्ये दोन वेगळ्या चिपांसाठीच्या फाइल असणं ही क्रॉस-कम्पायलरची खासियत आहे, आणि पॅकेज करण्याची बहुतेक साधनं हे गृहीत धरून लिहिलेली नाहीत. आरपीएमच्या बाजूलाही हीच काळजी घ्यावी लागते.

६. लेबलवर काय लिहावं

बियाण्यात पायऱ्या असतात. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. टॅगच्या रंगावरून पिशवी मुळापासून किती पिढ्या दूर आहे ते कळतं. टूलचेनलाही मला असंच मूळ दाखवायचं होतं.

आमच्या प्रत्येक पॅकेजच्या आत एक साधी मजकुराची फाइल जाते. जीसीसी, बिनयुटिल्स, न्यूलिब आणि जीडीबी यांच्या नेमक्या आवृत्त्या. ज्या मूळ फाइलींतून बांधलं त्यांचा शा-२५६ आकडा. कॉन्फिगरची पूर्ण ओळ, एकही शब्द न गाळता. आम्ही लावलेली प्रत्येक दुरुस्ती आणि ती का लावली याचं एक वाक्य. बांधलेल्या खोलीत कोणती पॅकेजं होती त्यांची यादी. आणि आमचा लॉट क्रमांक. तोच क्रमांक प्रत्येक बोर्डाच्या फ्लॅशमध्येही जातो. सिरियल तार लावून विचारलं की बोर्ड सांगतो, मी अमुक लॉटच्या टूलचेननं तयार झालोय.

सुरुवातीला कार्यशाळेतल्या मुलांना हे जादा काम वाटे. मी बियाण्याची रिकामी पिशवी आणून टेबलावर ठेवली. त्यानंतर समजवावं लागलं नाही; त्यांतल्या चौघांच्या घरी शेती आहे.

७. उगवण पाहिल्याशिवाय पेरू नये

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर शेतकरी शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली असतील तर ते बियाणं पेरत नाही. टूलचेनसाठी जीसीसीची स्वतःची चाचण्यांची भलीमोठी मालिका आहे, आणि ती क्यूईएमयूच्या आभासी बोर्डावर चालवता येते. आम्ही ती चालवतो. पण आमचा खरा विश्वास आमच्या वीस छोट्या प्रोग्रामांवर आहे.

त्यातला प्रत्येक आमच्या एकेका चुकीतून जन्मला. एक ६४ बिटांचा भागाकार करतो. एक दशांश आकडा छापतो आणि पडद्यावर काय आलं ते परत वाचतो. एक रॅम संपेपर्यंत मॅलॉक मागत राहतो आणि नाही म्हटल्यावर नीट थांबतो का ते बघतो. बेअर-मेटलवर ढिगाची, म्हणजे हीपची, हद्द सांगणारं एसब्रेक फंक्शन आपणच लिहायचं असतं, आणि ते चुकलं तर ढीग स्टॅकमध्ये शिरतो. एक सी++ च्या जागतिक वस्तू मेनच्या आधी तयार झाल्या का ते तपासतो. एक फक्त घड्याळ पुढं ढकलतो आणि प्रोग्रामला पंचवीस तास जगवतो. हा शेवटचा अंबडच्या त्या फोननंतर आला.

वीसही प्रोग्राम आम्ही वापरतो त्या तिन्ही चिपांवर चालतात, खऱ्या बोर्डांवर. एकही पडला तर पिशवीला लेबल लागत नाही.

८. दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन पाहावं

विंडोजसाठीही आम्ही पॅकेज केलं, कारण मुलांच्या घरी विंडोज आहे. जीसीसी आपल्या लायब्ररी स्वतःच्या जागेपासून मोजून शोधतो, त्यामुळे झिप उलगडून कुठंही ठेवली तरी चालते, असं मी ठामपणे सांगत असे. एका मुलीच्या लॅपटॉपवर ती चालेना. तिनं संगणकाला आपलं नाव मराठीत दिलं होतं, देवनागरीत, आणि झिप त्याच नावाच्या फोल्डरमध्ये उलगडली होती. आमच्या त्या जीसीसीला तो पत्ता वाचता येत नव्हता. तिचं काही चुकलं नव्हतं. स्वतःच्या संगणकाला स्वतःच्या लिपीत नाव देणं याहून साधी गोष्ट कुठली? मला ते लागलं. आता आमचा इन्स्टॉलर टूलचेन सी ड्राइव्हच्या मुळाशी एका छोट्या फोल्डरात ठेवतो आणि मराठीत सांगतो की असं का केलंय. बसवण्याची माहितीही तेव्हापासून आम्ही मराठीतच लिहितो, आणि सगळं पेनड्राइव्हवरून, इंटरनेटशिवाय बसेल असं ठेवतो.

९. परवान्याचं

जीसीसी आणि बिनयुटिल्स जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहेत. बांधलेला कम्पायलर दुसऱ्याला दिला की त्याचा मूळ सोर्स, आपल्या दुरुस्त्यांसकट, मिळण्याची सोय आपणच करायची. आम्ही तो त्याच पेनड्राइव्हवर देतो. लिबजीसीसीला वेगळी सवलत आहे, त्यामुळे बोर्डावरचा आपला प्रोग्राम खुला करण्याची सक्ती होत नाही. न्यूलिबचे परवाने सैल आहेत, पण त्यांतल्या नावांची यादी बरोबर जाऊ द्यावी. ती माणसं आहेत, आणि त्यांनी आपल्यासाठी काम केलंय.

१०. हंगामात वाण बदलू नये

आमचा हंगाम मार्च ते जून. पाऊस पडायच्या आत मोटारीचे बोर्ड आणि गोदामाची यंत्रं गेली पाहिजेत. त्या चार महिन्यांत टूलचेनला हात लावायचा नाही, हा नियम २०२० मध्ये झाला. त्या वर्षी जीसीसी १० आला आणि मी उत्साहानं, ऐन हंगामात बांधला. आमचा निम्मा सोर्स लिंक होईना. तोवर एकच चल दोन फाइलींत जाहीर केलं तर जीसीसी ते गुपचूप एक करायचा. दहाव्या आवृत्तीनं ते आपणहून करणं बंद केलं. जीसीसीचं बरोबर होतं. आमच्या हेडर फाइलींत वर्षानुवर्षं ढिसाळपणा होता आणि तो उघडा पडला. पण तो निस्तरायची वेळ मे महिना नव्हती. आम्ही आधीच्या लॉटवर परत गेलो आणि दिवाळीनंतर सोर्स स्वच्छ केला.

२०२२ मध्ये बिनयुटिल्स २.३९ आलं आणि लिंकर नवाच इशारा देऊ लागला: स्मृतीचा एक भाग वाचता, लिहिता आणि चालवताही येतो आहे. बेअर-मेटलच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये असं बहुतेकदा असतंच. मुलांनी इशारा दाबून टाकायची खूण शोधून आणली. मी स्क्रिप्ट दुरुस्त करायला लावली. दोन दिवस गेले, पण स्मृतीचा कोणता भाग कशासाठी आहे हे त्या सगळ्यांना आता पाठ आहे. आणि ते दोन दिवस नोव्हेंबरातले होते.

११. जुनी पिशवी फेकू नये

गेल्या वर्षी एक बोर्ड परत आला. २०१९ चा, आमच्या तिसऱ्या लॉटचा, जीसीसी ८ नं तयार झालेला. तक्रार अशी की रात्री विजेचा दाब उतरला की मोटार लागतच नाही. बोर्ड बरोबर वागत होता. दाबाची खालची मर्यादा आम्ही तेव्हा फार वर ठेवली होती. एक आकडा बदलायचा होता. पण मधल्या काळात प्रोग्राम दोनदा नव्यानं लिहिला गेला होता, टूलचेन चार लॉट पुढं गेली होती, आणि नवा प्रोग्राम त्या जुन्या बोर्डाच्या रिलेला जुळत नव्हता.

भाचा आता आमच्यातच आहे. त्यानं कपाटातून तिसऱ्या लॉटचा पेनड्राइव्ह काढला, कोरी खोली उभी केली, टूलचेन बसवली, २०१९ चा सोर्स काढला आणि काहीही न बदलता कम्पाइल केला. मग जपून ठेवलेल्या मूळ फाइलशी ताडून पाहिलं. फरक निघाला, मोजक्या बाइटांचा. आम्ही दोघं ती जागा बघत बसलो. मग त्यानं ते आकडे अक्षरांत फिरवले: बांधणीची तारीख आणि वेळ. प्रोग्राम सुरू होताना तारीख दाखवायचा, आणि कम्पायलर आजची तारीख घालत होता. जीसीसी ७ पासून एक सोय आहे: सोर्स-डेट-इपॉक हे चल दिलं की कम्पायलर त्या क्षणाची तारीख घालतो. लॉटच्या नोंदवहीत बांधणीची वेळ होती. ती दिली, पुन्हा कम्पाइल केलं, पुन्हा ताडलं.

“आत्या, जुळली. बाइट न् बाइट.”

मग तो एक आकडा बदलला, पुन्हा ताडलं, आणि फरक फक्त त्या आकड्याच्या आणि वेळेच्या जागी आला. बोर्डावर चढवला, रात्रभर दाब कमी-जास्त करून चालवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या अंबडच्या एसटीनं पाठवून दिला.